गाडीची चावी पहिल्या पेगच्या आधी ठेवायची

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा धाकटा दीर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला आहे. शनिवारी पगार झाला की मित्रांबरोबर कधी शिनोळीकडं, कधी जांबोटी रस्त्याला कुठल्यातरी ढाब्यावर बसतो आणि रात्री अकरा-साडेअकराला मोटरसायकलवरून घरी येतो. मोटरसायकल ताईंच्या यजमानांच्या नावावर आहे. घरात दर आठवड्याला भांडण होतं, दीर म्हणतो, "मी आजवर कधी पडलोय का?" ताईंचा प्रश्न असा: पोलिसांनी एकदा पकडलं तरच हा सुधारेल असं वाटतं, पण ते पकडत नाहीत, मग घरच्यांनी करायचं तरी काय?

मी बेळगावात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि बरीच वर्षं कारखान्यांत आणि वाहतूकदारांकडं ड्रायव्हरांचे वर्ग घेतो. त्या अनुभवावरून सांगतो. ताई, पोलिसांची वाट बघू नका. दारू पिऊन गाडी चालवणं रस्त्यावर थांबवणं फार अवघड आहे. ते थांबतं घरातून निघताना, माणूस शुद्धीत असताना. एकदा दोन पेग पोटात गेले की "आज गाडी चालवू नये" हा निर्णय त्याच डोक्यानं घ्यायचा असतो ज्या डोक्याला दारू चढलेली आहे, आणि ते डोकं प्रत्येक वेळी "जमतंय की" असंच सांगतं. म्हणून घरी कसं यायचं हे पहिला ग्लास भरायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. माझं पुढचं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवतीच आहे.

घरोघरी मी एक गोष्ट बघतो. दारू आणि गाडी हे दोन वेगळे विषय आहेत, पण घरचे दोन्ही एकत्र काढतात. आई रडते, भाऊ ओरडतो, "दारू सोड" म्हणून शपथा घालतात. तो शपथ घेतो, पंधरा दिवसांनी मोडते, आणि मग त्या घरात या विषयावर बोलायचीच सोय राहत नाही. दारू सोडवणं हे लांबचं काम आहे. येत्या शनिवारी तो जिवंत घरी येणं हे आजचं काम आहे. म्हणून आज त्याच्याकडं एवढंच मागा: प्यायला जायचं असेल त्या दिवशी गाडी घरी ठेवायची. माणूस एवढं मान्य करू शकतो, कारण यात त्याचं मित्रमंडळ सुटत नाही आणि चारचौघांत मान खाली जात नाही.

हे बोलायचं कधी, यालाही महत्त्व आहे. तो रात्री झुलत आला त्या क्षणी नको. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगात आळस आणि मनात थोडी लाज असताना, घरातल्या एकानंच बोलावं. भावानं बोललेलं बरं, कारण गाडी त्याची आहे. पण भावाभावांत आधीच वाजलेलं असेल तर तुम्हीच बोला. "भावजी, तुम्ही प्यायचं की नाही हे मी आज काढत नाही. पण शनिवारी गाडी इथंच राहील. तुम्ही फोन करा, किती वाजले तरी तुम्हाला आणायची सोय आम्ही करू, आणि त्या रात्री घरात कुणी एक शब्द बोलणार नाही." यातलं शेवटचं वाक्य काटेकोर पाळा. फोन केल्यावर शिव्या बसल्या तर दुसरा फोन येत नाही. कितीतरी पोरं केवळ घरच्यांच्या बोलण्याच्या धाकानं फोन न करता किक मारतात. बोलायचं ते सकाळी बोला.

आता त्याच्या "मला चढत नाही" या म्हणण्याचं काय, तेही सांगतो, कारण ते तो मनापासून म्हणत असतो. कायद्यानं मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. व्हिस्की, रम, ब्रँडी आपल्याकडं बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, नाइंटीच्या टेट्रा पॅकमध्ये ३० ग्रॅम आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. साठ-पासष्ट किलोच्या माणसानं एक लार्ज, म्हणजे दोन स्मॉल, घेतला तरी तो मर्यादेच्या आसपास पोचतो, उपाशीपोटी घेतला तर ओलांडतोच. क्वार्टर संपवली तर आकडा शंभराच्या वर जातो. बिअरवाल्यांचा आणखी एक गैरसमज असतो, की बिअर म्हणजे काही दारू नव्हे. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चार स्मॉल पेग. बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, ती वाचायला सांगा.

आणि उतरते किती? शरीर १०० मिलिलिटर रक्तामागं एका तासात साधारण १५ मिलिग्रॅमच खाली आणतं. लिंबू पिळून प्या, काळी कॉफी घ्या, डोक्यावर गार पाणी ओता, ओकारी काढा, त्या वेगात फरक पडत नाही. कॉफीनं झोप उडते एवढंच. म्हणजे जागा झालेला पण तेवढाच प्यालेला माणूस गाडीवर बसतो. क्वार्टर पिलेल्याला मर्यादेच्या खाली यायला सहा-सात तास लागतात. "तासभर बसलो, जेवलो, उतरली" हा निव्वळ भास आहे. जेवणानं चढायचा वेग कमी होतो, तेही आधी जेवलं तर.

यातूनच सकाळचा प्रश्न येतो, आणि तो मला रात्रीइतकाच गंभीर वाटतो. कारखान्यात सकाळच्या पाळीला वर्ग असला की मी श्वास तपासायचं यंत्र बरोबर नेतो आणि ज्याला फुंकायचं त्यानं फुंकावं, नाव लिहिणार नाही, असं सांगतो. एखादा हसत पुढं येतो. आंघोळ केलेली, कपाळाला गंध लावलेलं, चहा-उप्पीट झालेलं. नळीत फुंकतो आणि पडद्यावर पन्नासच्या पुढचा आकडा येतो. तो यंत्राला दोष देतो, पुन्हा फुंकतो, पुन्हा तोच आकडा. "सर, रात्री घेतली होती हो, सकाळी थेंबही नाही." खरं बोलत असतो तो. हिशेब करा: नऊ वाजता सुरू करून दोन क्वार्टर झाल्या तर आकडा अडीचशेच्या पुढं जातो, आणि सकाळी आठला, अकरा तासांनीही, रक्तात मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असू शकतं. रोज पिणाऱ्याची थोडी लवकर उतरते, पण एवढीही नाही. तो माणूस त्या अवस्थेत घरून कारखान्यापर्यंत गाडी चालवत आलेला असतो, कदाचित मागं शाळेचं पोर बसवून. तुमच्या दिराची रविवारची सुट्टी नसेल, किंवा रविवारी सकाळी तो बाजारहाटाला गाडी काढत असेल, तर हेही त्याला सांगा. शनिवारी जास्त झाली असेल तर रविवारी दुपारपर्यंत चावी नको.

"कधी पडलो नाही" याचं उत्तर आपल्या रस्त्यांवर आहे. सरळ रिकाम्या रस्त्यावर प्यालेला माणूसही गाडी नेतो, कारण हातांना सवय असते. दारूनं जातं ते अनपेक्षित गोष्टीला सावरणं. समोरून हेडलाइटचा झोत आला की डोळे पुन्हा स्थिर व्हायला जास्त वेळ लागतो, अंतराचा अंदाज चुकतो, ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर होतो. साठच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढं जाते. आणि आपल्याकडं अनपेक्षित गोष्टींची वाण नाही. ऊसतोड सुरू झाली की निपाणी, संकेश्वर, हुक्केरीपासून खानापुरापर्यंत रात्रभर ट्रॅक्टर चालतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर होता तो उसाच्या पाल्याखाली झाकलेला. अक्सल मोडला की ट्रॉली रस्त्यावरच राहते, मागं चार दगड आणि एक झाडाची फांदी टाकतात. शुद्धीतल्या माणसालाही ते जवळ गेल्यावर दिसतं. प्यालेला थेट उसात घुसतो. ट्रॉली सुटल्यावर ते दगड उचलायचे राहतात, पुढच्या रात्री दुसरा कुणी त्यावर आदळतो. जांबोटी-कणकुंबी बाजूला पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की पुढच्या वळणाचा दगड दिसत नाही, आणि चोर्ला घाटाची वळणं तर दिवसाही माफ करत नाहीत. तो आजवर पडला नाही याचा अर्थ एवढाच, की त्या रात्री ट्रॉली त्याच्या वाटेत नव्हती.

गोव्याचा विषय वेगळा काढतो. बेळगावहून चोर्ला घाटानं पणजी जेमतेम ११०-१२० किलोमीटर. दारू तिकडं स्वस्त, म्हणून सुट्टीला पोरांच्या गाड्याच्या गाड्या जातात. सकाळी जाताना कुणी प्यालेलं नसतं, परतताना सगळे. दिवसभर ऊन, समुद्र, दुपारी बिअर, आणि संध्याकाळी घाट चढायचा. याला मी एकच नियम सांगतो: गोव्यात प्यायचं असेल तर गोव्यातच झोपायचं. खोलीचे पैसे सहा जणांत वाटले तर फार होत नाहीत. नाहीतर एकानं दिवसभर काही घ्यायचं नाही, आणि तो कोण हे बेळगावबाहेरची पिरनवाडी सोडायच्या आधी ठरवायचं. "जो कमी पितो तो चालवेल" हे ठरवणं नव्हे. कमी प्यालेला माणूसही प्यालेलाच असतो.

आता सोयीचं बोलू, कारण नुसतं "गाडी नेऊ नको" म्हणून भागत नाही. खानापूर तालुक्यात, महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या गावांत रात्री आठ-नऊनंतर वस्तीची बस गेली की संपलं. रिक्षा गावापर्यंत यायला दुप्पट भाडं मागते. शहरातल्यासारखं ॲपवर गाडी बोलावणं तिथं चालत नाही. पोरं गाडी नेतात त्यामागं हेही खरं कारण आहे, ते आपण मान्य करायला हवं. मग उपाय गटानं करायचा. ज्या चार-पाच जणांबरोबर तुमचा दीर बसतो, ते बहुधा एकाच बाजूच्या गावांतले असणार. त्यांनी मिळून गावातल्याच एखाद्या ओमनी किंवा क्रूझरवाल्याला शनिवारचं ठरवून टाकावं: नऊ वाजता सोड, अकराला घेऊन ये. माणशी जे पैसे पडतात ते एका क्वार्टरच्या आतबाहेर असतात. वडापवाल्यांना ठरलेलं गिऱ्हाईक हवंच असतं. मी काही गावांत हे जमलेलं बघितलंय, आणि जमलं तिथं एका घरानं पुढाकार घेतला होता, बहुतेक वेळा बायकांनी. मित्रांच्या आया-बायकांना तुम्ही ओळखत असाल तर त्यांच्याशी बोला. एकट्या पोरानं गाडी ठेवली तर त्याला चिडवतात, पाचही जणांची गाडी घरी राहिली तर कुणी चिडवायला उरत नाही.

हाच विचार यात्रांच्या दिवसांत गावानं करायला हवा. लक्ष्मी यात्रा आली, देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर, बसली की घराघरात मटणाची पंगत. शे-दीडशे पै-पाहुणे, आणि पाठीमागच्या परड्यात दुसरी बैठक. रात्री दहानंतर गावातून बाहेर पडणाऱ्या दुचाकी मोजा, मग कळेल किती जण कसे चाललेत. पाहुण्याला आग्रह करून पाजणारा यजमान "सावकाश जा हं" म्हणून निरोप देतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. ज्याच्या घरी पंगत आहे त्यानं चार सतरंज्या जास्त काढाव्यात. प्यालेल्या पाहुण्याची चावी घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं मागून घ्यावी. तरुणानं मागितली तर भांडण होतं, आजोबांनी मागितली तर सहसा देतात. यात्रा कमिटी लाखांचा मांडव घालते, त्यातून शेवटच्या बसनंतर दोन टेम्पो शेजारच्या गावांपर्यंत सोडणं तिला जड नाही. दारू बंद करा असा ठराव करून ती बंद होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. टेम्पो मात्र सोडता येतो.

कायद्याचं थोडक्यात, पण यजमानांना वाचून दाखवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८५. पहिल्यांदा सापडलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. हे रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळं कर्नाटकात पकडलं काय, चंदगडात काय किंवा गोव्यात काय, कलम तेच. फुंकायला नकार दिला तर पोलिस अटक करून रक्त तपासायला नेऊ शकतात. तुमच्या घराला जास्त लागू पडणारं कलम आहे १८८: दुसऱ्याच्या या गुन्ह्याला साथ देणाऱ्याला तीच शिक्षा. त्याहून मोठी टांगती तलवार विम्याची. प्यालेल्या चालकानं कुणाला उडवलं तर विमा कंपनी जखमीला पैसे देते खरी, पण ते नंतर मालकाकडून वसूल करण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. विमा संपलेला असेल तर पहिल्या रुपयापासून मालकच. गाडी यजमानांच्या नावावर आहे, म्हणजे नोटीस यजमानांना येणार आणि शेतावर बोजा चढायची वेळ त्यांच्यावर येणार. हे धमकी म्हणून सांगू नका. पण भावाला स्पष्ट सांगायचा त्यांना पूर्ण हक्क आहे: गाडी माझी आहे, शनिवारी संध्याकाळी चावी माझ्याकडं. दुसरी चावी कुठं आहे तेही बघून ठेवा.

पोलिसांबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. एकतीस डिसेंबरला आणि सणासुदीला नाके लागतात, एरवी तालुक्याच्या रस्त्यांवर कुणी दिसत नाही. तपासणीचा उपयोग होतो तो "कुठल्याही रात्री, कुठंही अडवतील" असं लोकांना वाटलं तरच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं १९८२ साली वाटेल त्या चालकाला थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली आणि रस्त्यावरचे मृत्यू लगेच खाली आले. शिक्षा वाढवण्यापेक्षा सापडण्याची शक्यता वाढणं जास्त कामाचं असतं. ग्रामपंचायतीनं ठराव करून शनिवारी रात्री आपल्या फाट्यावर तपासणी मागावी, चार गावांनी मिळून मागितली तर दखल घ्यावी लागते. महामार्गालगतची दुकानं हटवायचा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१६ चा आदेशही चांगल्या हेतूचा होता, पुढं नगरपालिकांच्या हद्दींना सूट मिळाली. पण दुकान ५०० मीटर आत गेलं म्हणून पिणारा चालत जात नाही, तो गाडीच वळवतो. म्हणून मी पुन्हा चावीवरच येतो.

एक गोष्ट नीट तपासा. तो फक्त शनिवारी पितो, की रोज? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, घोट घेतल्याशिवाय काम सुचत नाही का, लपवून बाटली ठेवतो का? तसं असेल तर हा आजार आहे आणि डॉक्टरांचं काम आहे. अशा माणसाला घरात कोंडून एकदम दारू तोडायला लावू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आणि जेवणातून चोरून द्यायच्या पावडरी आणि गोळ्या, ज्यांच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात, त्या अजिबात नकोत. काही गोळ्या पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब कोसळतो. ते औषध डॉक्टर रुग्णाला सांगून, तपासण्या करूनच देतात. बेळगावात बिम्सच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी संस्था आहे. घरून फोन करायचा तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली मानस १४४१६, दोन्ही मोफत. दीर बोलायला तयार नसेल तर आधी तुम्ही स्वतः बोला, घरच्यांनाही ते मार्गदर्शन करतात.

आणि एवढं करूनही एखाद्या शनिवारी तो गाडीवरूनच आला, तर त्या रात्री वाद नको. चावी घ्या, पाणी द्या, कुशीवर झोपवा, पाठीशी उशी लावा. उताणा झोपला आणि ओकला तर श्वास अडकू शकतो. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, अंग गार पडलं असेल, तर "झोपेल आणि उतरेल" म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा. वाटेत पडून आला असेल आणि डोक्याला मार असेल, तर तो कितीही "काही झालं नाही" म्हणाला तरी दवाखान्यात न्या. दारूच्या वासाखाली मेंदूतला रक्तस्राव लपतो, हे आमच्या भागातल्या घरांनी फार महागात शिकलंय. बाकीचं बोलणं रविवारी सकाळी, यजमानांच्या हातात चावी असताना.